पाठमोऱ्या बाई आणि माझी कुरकुर

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. मित्रांनो, फरशी नव्हे, जमीन. मला कोणी फरशी म्हटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. फरशी थंड असते, मुकी असते आणि तिच्यावर पडले की गुडघा फुटतो. मी लाकडाची आहे, उबदार आहे. माझ्यावर रोज कोणी ना कोणी पडते, पण आजवर कोणाचा गुडघा फुटलेला नाही. याबद्दल माझे कोणी आभार मानले आहेत का? नाही. पडणारा उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, "जमीनच घसरडी आहे."

असो. चिडून सुरुवात करू नये, हे मलाही कळते. पण तुम्ही एखाद्या नाचाच्या स्टुडिओत जन्मभर उताणे पडून राहा आणि मोठ्या माणसांना अंगावर नाचू द्या. मग मला सांगा, तुमचा आवाज किती गोड राहतो ते.

आमचा स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून रबराचा वास येतो आणि अधूनमधून हवा भरण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येते. अरुंद जिना चढून आले की दाराबाहेर चपला-बुटांचे कपाट आहे. आत एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीला रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, दाराजवळ एक लांब बाक, कोपऱ्यात बाईंची छोटी आतली खोली. बाकी सगळी मी.

माझा जन्म अर्थातच झाडात झाला. ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. लख्ख आठवते ती वखार. तिथे माझ्या फळ्या कापल्या आणि मग लगेच कामाला लावण्याऐवजी एका हवेशीर शेडमध्ये रचून ठेवल्या. ऋतू आले आणि गेले. मी नुसती वाळत होते. मला वाटायचे, मी तयार आहे, मला न्या ना! पण वखारवाला फळीला हात लावायचा आणि मान हलवायचा. अजून ओल आहे म्हणायचा. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. पुढे शेजारच्या इमारतीत घाईने बसवलेल्या दरवाजाची बातमी कानावर आली. तो वर्षभरात असा फुगला की उघडेना. मग माझा राग गेला.

मला इथे बसवले ते एका सुताराने. त्याने मला थेट सिमेंटवर ठोकले नाही. आधी खाली लाकडी पट्ट्या टाकल्या, पट्ट्यांखाली रबराचे तुकडे ठेवले आणि मग वर माझ्या फळ्या बसवल्या. म्हणून माझ्या पोटात पोकळी आहे. उडी मारली की मी थोडी दबते आणि पुन्हा वर येते. आणि कोणी चालले की माझ्या पोटातून आवाज येतो. प्रत्येकाचा वेगळा.

काम संपल्यावर सुतार स्टुडिओच्या बाईंना म्हणाला, "बाई, ही जमीन बोलकी आहे. हिचं ऐकत जा. आणि हिला पाण्यापासून जपा. फडका घट्ट पिळून फिरवायचा, आणि पाठोपाठ कोरडा. बादली आत आणायची नाही."

बाईंनी त्याचे पहिले म्हणणे मनावर घेतले. दुसरे काही वर्षे घेतले आणि मग विसरल्या.

आता बाईंबद्दल सांगते. त्या उंच आहेत, बोलतात कमी आणि शिकवतात फक्त मोठ्या माणसांना. लहान मुलांना शिकवायला सोपे जाते, असे त्या म्हणतात. मित्रांनो, ही तुमची स्तुती आहे, ती ठेवून घ्या. तुम्ही पहिलीतून दुसरीत जाता, दुसरीतून तिसरीत. "मला थेट सातवीत बसवा, मी घरी पुस्तक चाळलंय," असे तुमच्यापैकी कोणी म्हणत नाही. मोठी माणसे म्हणतात.

आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर चालायला शिकवतात. हसू नका. ठेक्यावर चालणे, अंगाचे वजन एका पायावरून पूर्णपणे दुसऱ्यावर नेणे, थांबायचे तिथे थांबणे. हे येईपर्यंत दुसरे काही नाही. दुसऱ्या पायरीवर गिरकी येते, चालता चालता दिशा बदलणे येते. तिसऱ्या पायरीवर माणूस जोडीदाराबरोबर नाचतो, समोरच्याचे वजन ओळखून स्वतःचे पाऊल टाकतो. पहिली पायरी कच्ची राहिली तर तिसरीवर जोडीदाराची बोटे चेंगरतात. इतके साधे आहे. तरी हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

एक गृहस्थ दाताचे डॉक्टर आहेत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, मला सरळ तिसऱ्या पायरीवर घ्या. कॉलेजात मी फार नाचायचो."

"किती वर्षं झाली?" बाईंनी विचारले.

"वर्षांचं काय, सायकल कोणी विसरतं का?"

शिकायला येणाऱ्या एक बाई घड्याळ बघून पायरी ठरवायच्या. त्या म्हणायच्या, "पहिल्या पायरीची वेळ मला जमत नाही हो. मी तिसरीला येत जाईन, मागे उभी राहीन." जणू पायरी म्हणजे बस आहे, जी मिळेल ती पकडायची! काही जण याच्या उलट. त्यांना सगळे छान येत असते, पण ते पहिल्या पायरीवरून हलायला तयार नसतात, कारण तिथे त्यांच्याकडे कौतुकाने बघणारे लोक असतात. माझ्या फळ्या ताणल्या जातात या सगळ्यांपायी.

म्हणून बाईंनी पारख सुरू केली. कोणी वरच्या पायरीवर जायला तयार झाला असे वाटले की पारखीचा दिवस ठरतो. सगळे बाकावर बसतात. एकेकाने आरशाकडून निघून दाराकडे ठेक्यात चालत यायचे, अगदी मध्यावर जमेल तशी एक गिरकी घ्यायची आणि पुढे जायचे. आणि बाई? बाई खिडकीशी उभ्या राहतात, रस्त्याकडे तोंड करून, हॉलकडे पाठ. त्या बघतच नाहीत. कातडी तळव्याच्या बुटांचा माझ्यावर जो आवाज होतो तो ऐकतात आणि पाठमोऱ्याच सांगतात, "पहिली." किंवा, "दुसरी."

दाताचे डॉक्टर चालले तेव्हा बाई म्हणाल्या, "पहिली."

"अहो, तुम्ही बघितलंसुद्धा नाही!"

"ऐकलं की. गिरकीनंतर तुमचा एक पाय आला, दुसऱ्याची मी अजून वाट बघतेय."

बाकावर हशा पिकला. डॉक्टरांनी बूट काढून तळवे तपासले, मग माझ्याकडे रागाने बघितले. अर्थात, दोष माझाच!

कोणीतरी एकदा बाईंना विचारले, की तुम्ही पाठ का करता? बाई म्हणाल्या, "चेहरा बघितला की मला दया येते. मग मी चुकीची पायरी देऊन बसते आणि त्या माणसाचं वाटोळं करते. पाय दया मागत नाहीत." हे ऐकून मला जे वाटले ते मी सांगू शकत नाही. बाईंचा सगळा भरवसा माझ्यावर होता. ते माझे सोन्याचे दिवस. तेव्हा झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या गुडघ्यांवर बसून, फडका घट्ट पिळून मला पुसायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "चकाकतेय बघ कशी." मी चकाकतच होते.

मग मावशी मुलीकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी पाळीपाळीने कोणी ना कोणी यायचे, कोणी टिकायचे नाही. पण सगळ्यांची पद्धत एकच. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली हॉलच्या मध्यभागी ठेवायची आणि दांड्याचे ओले पोतेरे चारी बाजूंना फिरवायचे. बादली हिंदकळायची. पाणी सांध्यात शिरायचे. पुसून झाले की माझ्यावर तळी साचायची आणि ती आपली आपण वाळायची. त्यात भर विद्यार्थ्यांची. मोठ्या माणसाला नाचताना सारखी तहान लागते. ते बाटल्या माझ्यावर ठेवतात, झाकण नीट लावत नाहीत आणि मग लाथेने उडवतात. बाहेरचे बूट बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम आहे, पण "एकच मिनिट हं" म्हणत चिखलासकट आत येतात.

मी सोसले. लाकूड सोसते. पण अगदी मध्यावरची माझी एक फळी आतून कुजायला लागली आणि तिच्यावर पाय पडला की कुर्र्र करून ओरडायला लागली. कुठे? जिथे सगळे गिरकी घेतात तिथेच. बाईंनी तिच्यावर एक रबरी चटई टाकली. हे म्हणजे दात दुखतोय म्हणून गालावर रुमाल बांधण्यासारखे झाले. पारखीच्या वेळी चटई उचलावी लागायचीच, आणि मग माझी कुरकुर साऱ्या हॉलभर.

याच काळात त्या दोघी आल्या. नणंद आणि भावजय.

नणंद मोठी. हॉस्पिटलमध्ये परिचारिका होती, आता निवृत्त झालेली, पण आवाज अजून वॉर्डातलाच. तिला डॉक्टरांनी सांगितले होते की काहीतरी हालचाल करा, नुसत्या बसू नका. भावजय तिच्या धाकट्या भावाची बायको. ती घरी शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवते. सगळे एकाच घरात राहतात.

"मी शिकणार आहे," नणंदेने बाईंना सांगितले. "ही माझी सोबत. जिना चढताना मला धाप लागते, म्हणून घरच्यांनी हिला बरोबर दिलीय. आलीच आहे तर तीही पाय हलवेल. काय गं वहिनी?"

"हो ताई," वहिनी म्हणाली.

पहिल्या दिवशी दोघींनी पाय टाकले आणि मी दचकले. नणंदेचे पाऊल मला चांगले ओळखीचे होते. तसली मी खूप पाहिली आहेत. भरभक्कम, मनमोकळे आणि ठेक्याच्या जरा मागून येणारे. पण वहिनीचे! तिने आयुष्यभर पायाने मशीन चालवलेले. तिच्या तळव्यात ठेका मुरलेला होता. ती नुसती चालली तरी माझ्या पोटातून तबल्यासारखा गोल आवाज निघायचा. गिरकी तर तिने कोणी न शिकवताच घेतली, तीही चुकून, पाण्याची बाटली आणायला वळताना. मला वाटले, आता ही दुसऱ्या पायरीवर जाणार. मी आनंदले. इतक्या वर्षांनी कोणीतरी सरळ माणूस!

कसले सरळ! एका दिवशी क्लास सुटल्यावर दोघी बाकावर बसून बूट बदलत होत्या. नणंद म्हणाली, "हे बघ वहिनी, मी आपलं स्पष्ट सांगते. वर जायचं तर दोघी जाऊ. तू गेलीस आणि मी राहिले, तर मी काही येणार नाही. त्या दातवाल्या डॉक्टरांबरोबर एकटी नाचू काय मी? परवा माझ्या पायावर उभे राहून मलाच सांगत होते, पाय काढा म्हणून."

वहिनी हसली. "छे हो ताई. मी कुठली वर जातेय?"

आणि त्या दिवसापासून वहिनी चुकायला लागली.

मित्रांनो, मी चुका ओळखते. माझा जन्म चुकांखाली गेला. हिच्या चुका खोट्या होत्या! नणंद अडखळली की ही अडखळायची. नणंद उशिरा वळली की ही मुद्दाम डावीकडे जायची. मी मनात ओरडत होते, अगं नीट चाल! तुला येते ना! पण मला कारणही कळत होते. नणंद आली नाही तर सोबत कोणाला हवी? घरात वहिनीला कोण म्हणणार होते, की तू एकटी जा, तासभर नाचून ये, कपडे नंतर शिव? तिचा हा तास नणंदेच्या तासाला टाचलेला होता. तो वाचवायचा म्हणून ती स्वतःचे पाय बिघडवत होती. कधी कधी बाकी सगळे आरशाकडे तोंड करून बाईंचे ऐकत असताना ती मागच्या कोपऱ्यात टाच न टेकवता, फक्त बोटांवर, दुसऱ्या पायरीची पावले टाकून बघायची. अगदी हळू. ते मला एकटीलाच कळायचे.

पारखीचा दिवस आला. चटई उचलली. नणंद चालली. मध्यावर कुर्र्र. मग वहिनी चालली, मुद्दाम अडखळत. मध्यावर पुन्हा कुर्र्र. खरी गिरकी काय आणि खोटी काय, माझ्या त्या फळीने सगळे एकाच किंकाळीत बुडवून टाकले.

बाईंनी मान जरा कलती केली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पहिली. दोघी."

"बघ!" नणंद खूश होऊन म्हणाली. "आपण दोघी सारख्याच ढ."

वहिनी हसली. पण बाकाकडे जाताना तिची पायाची बोटे बुटात आवळलेली होती. ते बाकावरच्या कोणाला दिसले नाही.

त्या दिवशी आणखीही गोंधळ झाला. दाताच्या डॉक्टरांना दुसरी पायरी मिळाली! माझ्या कुरकुरीत त्यांचा हरवलेला पाय झाकला गेला होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या पायरीच्या क्लासमध्ये गिरकी घेता घेता तिघांना भिंतीशी नेऊन चिकटवले. लोक कुजबुजायला लागले, की बाईंचे कान गेले. बाईंनाही तसेच वाटायला लागले. त्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी सांगितले, कान उत्तम आहेत. बाई परत आल्या, हॉलच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, एक पाय त्या फळीवर दाबला. कुर्र्र.

"म्हणजे तू आहेस होय," बाई म्हणाल्या.

मी आहे होय! इतकी वर्षे ओरडत होते, ते काय गाणे म्हणत होते?

सुतार आता म्हातारा झाला आहे, त्याला जिना चढवत नाही. त्याची मुलगी आली. तीही सुतारकाम करते. तिने माझी फळी उचलून खाली बॅटरीचा उजेड टाकला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, लाकडाला रोज आंघोळ कोण घालतं?"

"पुसायला नको का?"

"पुसायला हवी, बुडवायला नको. ही खालची पट्टी बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालीय."

तिने कुजलेला तुकडा कापून काढला, नवी पट्टी बसवली, फळीला रंधा मारून ती पुन्हा जागेवर घातली. रंध्याच्या गुदगुल्या होत होत्या. किती वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी गुडघ्यांवर बसले होते.

दुपार कलत आली होती. त्याच दिवशी पुन्हा पारख ठेवली होती, कारण आधीची सगळी बाईंनी रद्द केली होती. वहिनी लवकर आली, आणि एकटीच. नणंदेची दाढ दुखत होती, ती आमच्याच डॉक्टरांकडे दाढ काढून घ्यायला गेली होती. तिनेच वहिनीला पुढे पाठवले होते, आणि ती डॉक्टरांबरोबर येणार होती.

"अहो, ऐकता का?" सुताराची मुलगी वहिनीला म्हणाली. "जरा या फळीवरून चाला ना. मी खाली कान लावते, आवाज येतो का बघते."

"मी? माझं वजन पुरेल का?"

"चाला तर. हं. आता जरा जोरात. आता फळीवर वजन गोल फिरवा. वळा ना, बिनधास्त!"

आणि मित्रांनो, वहिनी चालली. पारखीसाठी नव्हे, जमिनीसाठी. म्हणून तिने खोटेपणा केला नाही, तसे करायचे तिला सुचलेच नाही. आरशाकडून दाराकडे, मध्यावर गिरकी, पुढे. पुन्हा परत. माझी कुरकुर गेली होती. माझ्या पोटातून इतका स्वच्छ आवाज आला की मीच ऐकत राहिले.

आतल्या खोलीत बाई चहा पीत होत्या. कप ठेवल्याचा आवाज आला. त्या दारात आल्या.

"आत्ता कोण चाललं?"

वहिनी गोठून उभी राहिली. "मी... जमीन तपासत होते, बाई."

"जमीन तपासून झाली. तू पहिल्या पायरीवर काय करतेस?"

वहिनीने जिन्याच्या दाराकडे बघितले आणि भराभर बोलायला लागली. "बाई, ताईंना सांगू नका. त्या यायच्या थांबतील. मला घरून त्यांच्या सोबतीला पाठवतात. त्या थांबल्या की माझं इथे काय काम? मला पहिलीच राहू द्या. मला काही म्हणणं नाही."

"तुला जायचंय का वर?"

वहिनीची पायाची बोटे पुन्हा आवळली.

बाई म्हणाल्या, "मी खोटी पायरी देत नाही. जे ऐकेन ते सांगेन."

"मग मी चुकेन."

"चुकून बघ," बाई म्हणाल्या आणि चहा संपवायला आत गेल्या.

संध्याकाळी बाक भरला. नणंद गालात कापूस धरून बसली होती. वॉर्डातला आवाज बंद झाल्याने हॉलमध्ये कधी नव्हे ती शांतता होती. बाई खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. डॉक्टर चालले. "पहिली," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी वाद घातला नाही, फक्त माझ्याकडे बघितले. नणंद चालली. "पहिली. पण आधीपेक्षा पुष्कळ बरी," बाई म्हणाल्या.

मग वहिनी चालली. तिने मनापासून चुकायचा प्रयत्न केला. एक पाऊल अडखळवले. गिरकी अर्धी सोडली. शेवटी एक पाय घसरवला. माझ्यावरून तिचा प्रत्येक पाय गेला आणि मी काही झाकले नाही. झाकायला आता माझ्याकडे काही नव्हतेच.

बाई हसल्या. पाठमोऱ्या हसताना त्यांचे खांदे हललेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"अगं, चुकणारा माणूस उशिरा चुकतो किंवा लवकर चुकतो. तू अडखळतेस तेसुद्धा ठेक्यावर अडखळतेस. दुसरी."

नणंदेने गालातला कापूस काढला.

"ओ, कापूस काढू नका! सांगितलं होतं ना!" डॉक्टर ओरडले.

"तुम्ही गप्प बसा," नणंद म्हणाली. मग वहिनीकडे वळली. "मुद्दाम चुकत होतीस?"

"ताई..."

"मी जीव तोडून पाय टाकत होते आणि तू शेजारी उभी राहून माझी नक्कल करत होतीस? माझ्यावर दया करत होतीस?"

"दया नाही हो ताई."

"मग काय?"

नणंदेने कापूस पुन्हा गालात कोंबला, बाहेरचे बूट माझ्यावरच घातले आणि धाडधाड जिना उतरून गेली. वहिनी नाचाचे बूट हातात घेऊन तिच्या मागे अनवाणी धावली.

पुढच्या क्लासला दोघी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. माझी फळी नवी झाली होती, आवाज कसा खणखणीत होता, आणि ज्या पायांसाठी हे सगळे झाले ते पायच नव्हते. सांगा, चिडू नको तर काय करू? एक खरे बोलत नाही, दुसरी खरे ऐकत नाही. मधल्या मध्ये मी पॉलिश होऊन बसले होते.

मग एका संध्याकाळी जिन्यावर धाप ऐकू आली. नणंद आली होती. एकटीच. पहिल्या पायरीचा क्लास सुरू व्हायचा होता.

"दाढ बरी आहे ना?" डॉक्टरांनी विचारले.

"दाढ बरी आहे, डोकं फिरलंय. बाई, ती खाली टायरच्या दुकानापाशी उभी आहे. वर येत नाही."

"का?" बाईंनी विचारले.

"म्हणते, तुम्ही क्लास करून या, मी थांबते. दुसऱ्या पायरीवर कशी जाऊ म्हणते, तो तुमचा क्लास नाही, मग मी कोणाची सोबत? सगळी रात्र काढली तिच्या तोंडून हे एवढं वाक्य बाहेर काढायला. मला आधी कोणी सांगायचं नाही का? मी काय राक्षसीण आहे?"

बाकावर सगळे आपापले बूट बघायला लागले.

नणंद तरातरा खिडकीशी गेली, जिथे बाई पारखीला उभ्या राहतात तिथेच, आणि वॉर्डातला सगळा आवाज काढून खाली ओरडली, "ए वहिनी! वर ये! घरी मी सांगून आलेय. तुझा क्लास माझ्यानंतर असतो, तुला एकटीला पाठवायची नाही, म्हणून मी थांबणार. आता मी तुझी सोबत! येतेस की येऊ खाली?"

टायरवाल्याचे यंत्र थांबले. मग जिन्यावर पावले वाजली. गोल, ठेक्यातली. धावतानासुद्धा.

तेव्हापासून असेच चालते. आधी नणंद पहिल्या पायरीवर नाचते आणि वहिनी बाकावर बसून तिच्यासाठी टाळ्यांनी ठेका धरते. मग वहिनी दुसऱ्या पायरीवर नाचते आणि नणंद बाकावर बसून मोठमोठ्याने चुका काढते, त्यातली एकही बरोबर नसते. डॉक्टर पहिल्याच पायरीवर आहेत. ते लोकांना सांगतात, वर जागा नाही म्हणून थांबलोय.

सगळे छान झाले, असे तुम्हाला वाटेल. तसे झालेही. वहिनी गिरकी घेते तेव्हा माझी ती नवी पट्टी खालून तिला उचलून धरते, आणि मी एक अक्षर कुरकुरत नाही. पण मित्रांनो, जरा त्या बाकाकडे बघा. नणंद सोबतीला बसली आहे. बाहेरचे बूट पायात. बाटली जमिनीवर, माझ्या अंगावर. झाकण? झाकण तिच्या हातात आहे, त्याने ती ठेका वाजवते आहे. आणि बाटलीभोवती पाण्याचे एक गोल कडे हळूहळू रुंद होते आहे. ते माझ्या सांध्याकडे सरकते आहे.

ते पुसा रे कोणीतरी. घट्ट पिळलेल्या फडक्याने, आणि पाठोपाठ कोरड्या. मोठ्यांना सांगून मी थकले, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही ज्या जमिनीवर उभे राहून काही शिकता, ती शाळेची असो की घरची, तिच्यावर पाणी सांडले तर वाकून पुसा. तिच्या खाली काय कुजते ते वरून दिसत नाही. आणि ती कुरकुरली तर चटई टाकू नका, तिचे ऐका. माणसांच्या बाबतीतही तसेच करा, असे मी म्हणणार होते. पण माणसांना सांगणे माझे काम नाही. ते बाई करतात, खिडकीकडे तोंड करून.

पाण्याचे कडे सांध्यापाशी पोहोचले. वहिनी थांबली. ती वाकली आणि तिने खांद्यावरच्या रुमालाने ते पुसले.

"ताई, झाकण लावा," ती म्हणाली.

आणि नणंदेने लावले.